सप्टेंबरपर्यंतचं वर्ष

ऑक्टोबरपासून आमच्या कंपनीचा पगार नव्या सॉफ्टवेअरवर गेला. सप्टेंबरचा पगार हा जुन्यावर झालेला शेवटचा. तो करणाऱ्या बाई पुढच्या मार्चअखेर निवृत्त झाल्या. कंपनी चाकणच्या पट्ट्यात, निघोज्याच्या बाजूला आहे. मी तिथे स्टोअरमध्ये आहे.

पगाराच्या दिवशी त्या कॅन्टीनच्या दारात येऊन विचारायच्या, "टाकू का?"

वेळ पाळी बदलण्याची असायची. पहिली पाळी सुटलेली, दुसरी चहा घेत बसलेली.

"थांबा ताई," कोणीतरी म्हणायचं, "मेसेज बायकोच्या फोनवर जातो. आधी मला घरी पोचू द्या."

"मग तर लगेच टाकते."

आत जाऊन त्या बँकेला फाइल पाठवायच्या आणि पुन्हा दाराशी येऊन थांबायच्या. टेबलांवरचे फोन एकामागून एक वाजू लागले की परत जायच्या. तिसऱ्या पाळीचं काय, असं विचारलं तर म्हणायच्या, "झोपू दे त्यांना. उठल्यावर कळेल."

वर्षभर पगारातून कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म १६, जूनमध्ये मिळतो. तुम्हाला तो मेलवर येत असेल. आमच्याकडे त्या छापून हातात द्यायच्या. समोर बसवून आकड्यांवरून पेन्सिल फिरवायच्या आणि म्हणायच्या, "घे, वर्ष मिटलं."

लातूरकडचा एक वेल्डर दरवर्षी विचारायचा, "ताई, सरकारचं काही देणं नाही ना राहिलं?"

"नाही रे बाबा. मस्त झोप."

तो कागद न वाचताच घडी करून खिशात घालायचा.

सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तेव्हा त्यांनी मॅनेजरकडे एकच गोष्ट मागितली. मी सह्या घ्यायला तिथेच उभा होतो.

"साहेब, एप्रिलला करू या. वर्ष मधेच तोडायला नको. माझं शेवटचं आहे, पुरं करून देते."

"जुन्याचं लायसन्स सप्टेंबरला संपतंय, मॅडम. सहा महिन्यांसाठी हेड ऑफिस परत पैसे भरणार नाही. आणि डेटा जाईल की सगळा नव्यात."

"डेटा जाईल," त्या म्हणाल्या.

एप्रिलपासूनचा पगार आणि कापलेला कर नव्यात भरावा लागतो. नाहीतर वर्ष ऑक्टोबरलाच सुरू झालं असं ते धरून चालतं. हे भरायचं कामही त्यांनीच केलं. मग एकेकाला कॅन्टीनमध्ये बोलावून त्याचे आकडे लॅपटॉपच्या स्क्रीनवर दाखवले. वेल्डरने सवयीने हात पुढे केला.

"आज कागद नाही," त्या म्हणाल्या. "अर्धंच झालंय."

ऑक्टोबरचा पगार हेड ऑफिसमधून झाला. पहिली पाळी मशीनवर होती, फोन लॉकरमध्ये. सुटल्यावर ज्याने त्याने आपापला मेसेज पाहिला. ताई पाळी बदलताना कॅन्टीनला आल्या, चहा घेतला आणि हजेरी विभागात गेल्या. आता त्यांना तिथे बसवलं होतं.

मार्चमध्ये त्यांना शाल-श्रीफळ दिलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जूनमध्ये फॉर्म आला की घेऊन या. देहूरोडचं घर माहितीये तुम्हाला. बघून देईन."

दोन सॉफ्टवेअरमधलं अर्धं-अर्धं वर्ष जुळवण्यात हेड ऑफिसला उशीर झाला. फॉर्म १६ जुलैत ॲपवर आला. मी माझे आकडे तपासले, ते बरोबर होते. तरी रविवारी देहूरोडला गेलो.

जिन्यात वेल्डर बसला होता, फोन हातात धरून. वर दाराला कुलूप होतं.

"तुमचं काही चुकलंय का?" त्याने विचारलं.

"नाही. तुझं?"

"माझंबी बरोबरच दिसतंय."

शेजारच्या बाईंनी दार उघडलं. "कंपनीतले का? सकाळपासून लोक येतायत."

"ताई कुठे गेल्यात?" मी विचारलं.

"परवा मुलगी येऊन नाशिकला घेऊन गेली. जूनभर घर सोडलं नाही त्यांनी, कंपनीतले येतील म्हणायच्या. आता भाड्याने द्यायचंय हे. चावी माझ्याकडे ठेवलीय."