शिंगाडेवाली आणि जबलपूरकडे गेलेला ट्रक

नोकरीत तपास पुष्कळ केले, बरेचसे विसरलोही. पण रामटेकजवळच्या त्या शिंगाडेवालीची घटना आजही आठवते, आणि आठवली की अजूनही हायसं वाटतं.

मी तेव्हा नागपूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जबलपूरकडे जाणारा महामार्ग आमच्या हद्दीतून जायचा. चौपदरी रस्ता झाला आणि एका गावाचे दोन भाग झाले. घरं अलीकडे, तलाव पलीकडे. ही बाई तलावातले शिंगाडे उकडून हायवेच्या कडेला विकायची.

एका दुपारी तिची मुलगी धापा टाकत ठाण्यात आली. "साहेब, मायची टोपली उलटी पडून हाय, चपला बी तिथंच हायेत. रगत सांडलं हाय. माय कुठंच नाही!"

आम्ही लगेच निघालो. समोरचा पानठेलेवाला स्वतःहून पुढे आला. "ट्रकवाल्यानं उडवलं अन् उचलून गाडीत टाकलं साहेब. मी डोयानं पाह्यलं. निळी ताडपत्री होती, जबलपूरकडं गेला."

अपघात करून पुरावा नाहीसा करण्यासाठी जखमीला दूर जंगलात टाकून देणारे चालक मी पाहिले होते. पंचनामा करताना डांबरावर नारिंगी प्लास्टिकचे तुकडे मिळाले, ते सीलबंद केले. टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात ट्रकचा नंबर सापडला. गुन्हा नोंदवला, सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या ठाण्यांना संदेश दिले. मुलगी ठाण्याच्या पायरीवरून हलायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोच ट्रक माल उतरवून परत येताना टोलनाक्यावर अडवला. केबिनमध्ये रक्ताचे डाग होते. बातमी गावात पोहोचली आणि ठाण्यासमोर गर्दी जमली. "त्याले आमच्या हवाली करा," असा ओरडा सुरू झाला. फाटक लावून मी बंदोबस्त वाढवला.

चालक पन्नाशीचा होता. गर्दीचा आवाज ऐकून तो सारखा फाटकाकडे बघत होता. मी काही विचारण्याआधी त्यानंच विचारलं, "साहब, पहले ये बताओ, वो अम्मा बची क्या?"

मी पेन खाली ठेवलं. पकडलेला माणूस बहुतेक आधी स्वतःबद्दल बोलतो. मी त्याला विचारलं, "कुठं सोडलंस तिला?"

"सरकारी अस्पताल में, बॉर्डर के उस पार. मुझे रास्ते का वही अस्पताल मालूम था. स्ट्रेचर पर लिटाया और निकल गया. रुकता तो सब बोलते, इसी ने मारा."

"मग मारलं कुणी?"

"मोटरसाइकल ने. चलाने वाला भी गिरा, उठा, और गाड़ी ढकेलते हुए पानठेले के पीछे चला गया. मैंने आवाज़ दी साहब, वो आया नहीं."

मी त्या दवाखान्यात फोन लावला. डोक्याला मार लागलेली एक अनोळखी बाई आदल्या दिवशी दाखल होती. बेशुद्ध होती म्हणून नाव-गाव कळलं नव्हतं. नुकतीच शुद्धीवर आली होती. नर्सनं फोन तिच्या कानाला लावला, मी माझा मुलीच्या हाती दिला.

"माय! कुठं हायस वं तू?"

पलीकडून क्षीण आवाज आला, "रडून काहून राहिली? जेवली का तू?"

आमचे हेड कॉन्स्टेबल भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मी फाटकावर जाऊन सांगितलं, "बाई जिवंत आहे. या माणसानंच वाचवली." गर्दी हळूहळू पांगली.

पानठेल्यामागे पोत्याखाली मोटारसायकल सापडली. आमच्याकडचे तुकडे तिच्या फुटलेल्या इंडिकेटरला जुळले. पानठेलेवाला लगेच कबूल झाला. "गाडी माहीच हाय, मीच चालवत होतो. मले भेव वाटला साहेब. ट्रकवाला तं बाहेरचा होता, त्याच्यावर गेलं तं गेलं असं वाटलं." त्याच्यावर रीतसर कारवाई झाली. चालकाला सोडताना मुलगी त्याच्या पाया पडायला वाकली, तेव्हा तो संकोचून मागे सरला.

त्या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. भीती दोघांनाही वाटली होती. एकानं त्या भीतीपोटी खोटी साक्ष दिली. दुसऱ्यानं भीत भीतच जखमी बाईला उचललं. पण दवाखान्यातून तो पळाला, तो आमच्या धाकानं. आता जखमीला पोहोचवणाऱ्याला त्रास द्यायचा नाही असा कायदा आहे. रस्त्यावरच्या माणसाचा त्यावर विश्वास बसणं मात्र आम्हा खाकीवाल्यांच्या वागण्यावर आहे. पुढे जिथं जिथं बदली झाली, तिथल्या ठाण्यात पहिल्याच हजेरीला मी हे सांगत आलो.