शेपटीतली केबल

चांद्याचे अयूबभाई रेडिओ दुरुस्त करत. त्यांचा दरारा असा, की बिघडलेला रेडिओ त्यांना पाहूनच बोलू लागे. पण छप्पन साली मैदानावर आलेल्या ग्लायडरमध्ये वायरलेस बसवताना ते अडले. एरियल शेपटीत, वायरलेस वैमानिकाजवळ आणि मधल्या अरुंद लाकडी पोकळीतून केबल काही सरकेना. ग्लायडरच्या अंगावरचं कापड न फाडता काम करतो, असं त्यांनी छाती ठोकून सांगितलेलं. दुपारी वैमानिक साहेब म्हणाले, "तासाभरात झालं नाही, तर कापड फाडू."

एवढ्यात त्यांची बायको खैरुन डबा घेऊन आली. तिने पोकळीत डोकावून पाहिलं.

"तुमच्या पायजम्यात नाडी कोन टाकते?"

"तूच. पन इथी त्याचं काय?"

तिने बांबूची लांब कमची मागवली, टोकाला सुतळीने केबल बांधली आणि हलक्या हाताने फिरवत फिरवत पार शेपटीपर्यंत नेली. कापडाला ओरखडाही नाही.

संध्याकाळी ग्लायडर वर गेलं. खालच्या वायरलेसवर आवाज आला, "चांदा, ऐकू येतंय का?"

अयूबभाईंनी माइक खैरुनच्या हातात दिला.

"येते ना, साहेब," ती आभाळाकडे पाहत म्हणाली. "उतरा आता. तुमच्यापायी हे सकाळपासून उपाशी हायेत."