डाव्या तळहातावरचे तीर्थ

श्रीगजाननाला वंदून माझ्या उजव्या खांद्याविषयी लिहितो. त्यातला स्नायू फाटला आहे. डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रिया केलीत तर दीड महिना हात झोळीत राहील. नाहीतर व्यायाम करून पाहू, पण हात पूर्ण वर जाईलच असे नाही." मी निर्णय लांबवीत होतो, कारण डाव्या हाताने देवपूजा करणे मला अशक्य वाटे.

आज देवळात तीर्थासाठी उजवा हात उचलेना, म्हणून नकळत डावा पुढे केला. शेजारी सरूबाई होत्या. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आहे. गेल्या वर्षी त्यांनी डावा हात पुढे केला, तेव्हा मी सर्वांदेखत म्हणालो होतो, "हा तीर्थाचा हात नव्हे." त्या तीर्थ न घेताच परतल्या होत्या.

तीर्थ घेताना माझा डावा तळवा कलला. त्यांनी खालून आपला तळवा लावला.

"सावकाश, शास्त्रीबुवा. सांडेल."

"बाई, तेव्हा माझे चुकले. आता शस्त्रक्रिया केली तर माझाही उजवा हात दीड महिना झोळीत राहणार; डाव्या हाताने पूजा जमेल का?"

"दीड महिन्यात सवय होते. मला झाली की."

मला मान वर करवेना. घरी येऊन शस्त्रक्रियेला होकार कळवला.

वाचकहो, तुमच्या दारी पुढे आलेला कोणताही हात रिकामा न परतो, आणि तुमचे घर सदैव सुखी राहो.