मरव्याची चोरी

अक्काच्या पर्समध्ये कायम एक ओला रुमाल असायचा. लग्नाला जाऊ दे, देवळात जाऊ दे, आवडलेल्या झाडाची फांदी ती चटकन मोडायची आणि रुमालात गुंडाळायची. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं, असा आमच्या घरातला जुना समज. माझा सगळा जन्म शाळेत शिस्त लावण्यात गेलेला. या थोरल्या बहिणीची मला चारचौघांत लाज वाटायची.

तीन वर्षांपूर्वी ती जुन्या शहरातल्या चिकपेटहून माझ्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटवर आली, ती मातीची नवीकोरी कुंडी घेऊनच. माती भरून तिनं ती माझ्या बाल्कनीत ठेवली.

"माझ्याकडे कशाला हे झेंगट?"

"असू दे गं," म्हणाली.

मग गाडी करून आम्ही दोघी शहराबाहेरच्या टेकडीवरची वनौषधींची बाग बघायला गेलो. हट्ट तिचाच.

दुपार छान रेंगाळत गेली. बागेची राखण करणारी बाई एकेक पान चुरडून आमच्या नाकाशी धरत होती. अडुळसा, गवती चहा, सब्जा. उतारावर अक्का दर दहा पावलांनी बसत होती. "म्हातारी झालीस," मी चिडवलं, तर नुसती हसली. मरव्याच्या वाफ्याशी मात्र ती उठेचना. आई गजऱ्यात मरवा घालायची. तो वास आम्हा दोघींच्या लहानपणाचा.

फाटकाशी आलो आणि तिच्या पर्समधून तोच वास आला. माझं डोकंच फिरलं. वर्गातल्या मुलीला दरडावावं तसं मी त्या बाईसमोर म्हणाले, "अक्का, काढ ते बाहेर."

अक्कानं रुमाल सोडला. आत मरव्याची वीतभर फांदी होती.

"इरली बिडी अम्मा, स्वल्प ताने," बाई कानडीत म्हणाली. राहू द्या, थोडंसंच तर आहे.

मी ऐकलं नाही. फांदी परत द्यायला लावली. गाडीत अक्कानं ओला रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या कुंडीसाठी होती गं."

पंधरा दिवसांनी तिच्या आजाराचं आम्हाला कळलं. तिला डॉक्टरांनी सहलीच्या आधीच सांगितलं होतं. चार महिन्यांत ती गेली. कुंडी रिकामीच राहिली आणि मला बाल्कनीत जाववेना.

यंदा मी एकटीच त्या बागेत गेले. बाईला सगळं सांगून फांदी मागितली. तिनं आनंदानं दिली. आठ दिवसांत ती वाळली.

पुन्हा गेले, या वेळी ओला रुमाल घेऊन. वाफ्याशी उभी राहिले, पण हात पुढे होईना. बाईनं रुमालाकडे पाहिलं, "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि पाठ फिरवून भिजलेल्याच वाफ्याला पाणी घालत बसली. मी फांदी मोडली. साठी उलटल्यावर पहिली चोरी करून टेकडी उतरले आणि गाडीत ढसाढसा रडले.

मरवा लागला. कुंडी आता भरून गेली आहे. घरी कुणी बाई आली की मी तिला बाल्कनीत नेते, मरवा दाखवते आणि चहाचं निमित्त करून मुद्दाम आत जाते. ती गेल्यावर येऊन बघते. एकही फांदी मोडलेली नसते.