पहिली रात्र रिकामा

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली डिग्रीकाका म्हणते. दहावीत दोनदा आपटलेल्या माणसाला हे नाव पडलं, कारण चाळीस वर्षं फ्रीज दुरुस्त करता करता ह्यांच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर राहिला. कुणाकडे चहाला गेलो तरी ह्यांची नजर आधी त्यांच्या फ्रीजच्या दाराकडे. रबर सैल झालंय, हे चहा यायच्या आत सांगून मोकळे. मी कितीदा चिमटा काढला असेल, पण उपयोग शून्य.

ही खोड तुझ्यामुळे लागली, असं ते म्हणतात, आणि ते खोटं नाही. लग्नानंतर चौथ्या महिन्यात मला इन्शुलिन सुरू झालं. तेव्हा घरात दोन खुर्च्या होत्या, पलंगसुद्धा नव्हता. ह्यांनी भंगारातून फ्रीज उचलून आणला, तीन दिवस त्यात डोकं घातलं आणि आत पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवला. दार उघडलं की हवा लगेच बदलते, पाणी बदलत नाही, म्हणून मोजायचं ते पाणी. माझ्या औषधाला दोन ते आठ डिग्री लागतात. फार तापलं तर त्याचा जोर उतरतो, आणि एकदा गोठलं की ते सरळ टाकून द्यायचं.

ह्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. दुरुस्त केलेला फ्रीज पहिली रात्र रिकामा चालवायचा, सकाळी मोजायचं आणि मगच आत काही ठेवायचं. यावरून किती गिऱ्हाइकांशी वाद घातलाय. एक बाई पाच किलो मासळी घेऊन दुकानात रडायला लागली, तरी हा माणूस ढिम्म. शेवटी मासळी आमच्या घरी आली आणि तो वास आठवडाभर मी सोसला.

आता माझी चोरीही सांगते. एकदा हे गावाला गेले असताना आमचा फ्रीज बंद पडला आणि सगळं औषध वाया गेलं. तेव्हापासून इन्शुलिन टोचायची दोन भरलेली पेनं मी समोरच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवत आले, लोण्याच्या डब्यामागे. सत्तावीस वर्षं. ह्यांना कळू दिलं नाही. फ्रीजवाल्याची बायको शेजारच्या फ्रीजवर भरवसा ठेवते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तर लेकीने आम्हाला आठ दिवसांच्या जहाजाच्या सहलीला पाठवलं. निघताना तिने बजावलं होतं, "आई, औषध दोन जागी ठेव. निम्मं जहाजावरच्या दवाखान्यात दे." मी हो म्हटलं. पण जहाजावर वहिनी नव्हत्या. जे करायचं ते ह्यांच्या डोळ्यांदेखत करावं लागणार होतं, आणि ते माझ्याने झालं नाही. पाचही नवी पेनं ह्यांच्या हातात दिली.

खोली एवढीशी. पलंगाच्या पायथ्याशी कपाट आणि कपाटात टीचभर फ्रीज. ह्यांनी बूट काढायच्या आधी त्यात ग्लास ठेवला. तासाने पाहिलं, चौदा डिग्री. खोली आवरणारी मुलगी म्हणाली, "हे सगळे फ्रीज सरबतं गार ठेवण्यापुरतेच आहेत, काका. औषध असेल तर दवाखान्यात द्या, ते ठेवून घेतात."

"मला सांगतेय," ती गेल्यावर हे म्हणाले.

मग काय विचारता. चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर आणि माझी नखं घासायची पट्टी घेऊन साहेब कपाटात शिरले, नुसते पाय बाहेर. तास-दीड तासाने बाहेर आले ते केसात धूळ घेऊन, पण चेहरा खुललेला. रात्री जेवून आलो तेव्हा पाणी पाच डिग्री. घरून आणलेल्या डब्यातला बर्फ तोवर पार वितळला होता. मी विचारलं, "पहिली रात्र रिकामा चालवायचा ना?"

"तो नियम गिऱ्हाइकासाठी," म्हणाले, आणि पेनं आत ठेवून दिली.

सकाळी मी चालू पेनातून वीस युनिट घेतले. त्यात उरले दोन. संध्याकाळी मला चौदा लागतात. जहाज बंदराला लागणार होतं परवा सकाळी. "नवीन पेन काढून ठेवा," असं सांगून मी केस विंचरायला बसले. हे फ्रीजपुढे उकिडवे बसले ते उठेचनात. गुडघे दुखतात म्हणून जे चप्पलसुद्धा उभ्याने घालतात, ते तसेच बसून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू वर जाऊन ये जरा. समुद्र बघ."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, ह्या माणसाने मला कधी काही बघायला पाठवलेलं नाही. तरी गेले. अर्धा तास कठड्याला धरून उभी राहिले. समुद्र बघितला की नाही, आठवत नाही.

परत आले तर पाचही पेनं टॉवेलवर ओळीने मांडलेली आणि हे एकेक उचलून खिडकीपाशी धरून बघत होते. मीही एक उचलून पाहिलं. रोजच्यासारखंच दिसत होतं.

"गोठली होती," हे म्हणाले. "पाचही. आता वितळली."

"पण चांगली दिसतात की."

"दिसतात. म्हणून तर तुला वर पाठवलं. अर्धा तास बघत होतो, कुठे काही फरक दिसतो का." हातातलं पेन त्यांनी टॉवेलवर ठेवलं. "पाणी सावकाश गार होतं. काल पाच दाखवलं तेव्हा ते अजून खालीच चाललं होतं. मी थांबलो नाही."

हे गप्प राहिले असते तर मी संध्याकाळी ते टोचून घेतलं असतं. मला कळलंही नसतं. साखर चढत गेली असती आणि मी जेवणाला दोष दिला असता. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मात्र डोकं असं फिरलं की मी पर्स उचलली आणि चालायला लागले. हे मागून टॉवेलमध्ये पेनं गुंडाळून.

दवाखाना सगळ्यात खालच्या मजल्यावर. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, पेनं बघितलीसुद्धा नाहीत, सरळ कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. "तुम्ही घेता ते आमच्याकडे असेलच असं नाही. बघते," म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. आम्ही बाहेर बाकावर. आतून कपाटं उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज येत होते. घड्याळात साडेअकरा झाले होते. एकदा माझं इन्शुलिन दीड दिवस चुकलं होतं, तेव्हा मी चार दिवस अतिदक्षता विभागात होते. लेक तेव्हा सहावीत होती. ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. हे हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

आणखी एक कपाट बंद झालं. माझा बांध फुटला.

"घरी असते तर ही वेळ आली नसती," मी म्हणाले. "घरी दोन पेनं वहिनींकडे असतात. सत्तावीस वर्षं ठेवतेय. तुमच्यावर सोडलं असतं तर मी कधीच गेले असते."

बोलले आणि जीभ चावली. इतकं लागेल असं ह्यांना मी कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई छोटी बाटली घेऊन आल्या. "अगदी तेच नाही, पण चालेल. डोस मी ठरवेन, दर चार तासांनी साखर तपासायला यायचं. बाटली तुमच्या खोलीत ठेवता का?"

"नाही," हे म्हणाले. "ती इथेच राहू द्या." मग दोन मिनिटं चुळबुळ करून खिशातला थर्मामीटर काढला. "फक्त हा एका ग्लासात ठेवाल का, तिच्या बाजूला?" बाईंनी ठेवला.

जिना चढताना माझा राग उतरला होता आणि लाज चढत होती. "वहिनींचं ते," मी सुरुवात केली.

"लोण्याच्या डब्यामागे," हे म्हणाले.

मी थांबले.

"त्यांचा फ्रीज दर वर्षी कोण तपासतं? सत्तावीस वर्षांत एक पैसा घेतला नाही, त्यांना वाटतं शेजारधर्म." दम लागला म्हणून तेही थांबले. "तिथे पाण्याचा ग्लास असतो, तो काय वहिनींनी ठेवलाय? मागच्या खेपेला त्यांचा फ्रीज बिघडला, तेव्हा तुझी पेनं मी दुकानात नेली होती. त्यांचा पहिली रात्र रिकामा चालवला आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू निर्धास्त झोपायचीस," म्हणाले. "ते कशाला मोडू?"

मी कठड्याला धरून उभी राहिले आणि रडले. येणारीजाणारी माणसं बघत होती. हे बाजूला उभे, काय करावं ते न कळून, रिकामा टॉवेल माझ्यापुढे धरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर औषध मिळालं. घरी आल्यावर नवा खोका आला तेव्हा मी दोन पेनं काढून टेबलावर ठेवली, आणि हे ती उचलून, चपला घालून, समोर वहिनींकडे गेले.