आबांचं नको

काटेवाडीत आमच्या पंगतीला पहिल्या वाढपाला कुणी हो म्हणत नाही. भुकेने जीव जात असला तरी ताटावर आडवा हात धरून "नको, नको" म्हणायचं. वाढणाऱ्याने "असं कसं, एक तरी घ्या" म्हणायचं. तिसऱ्या खेपेला "बरं, तुमी म्हणताय तर अर्धी वाढा" म्हणायचं आणि अख्खी भाकरी खायची. माझे वडील, म्हणजे आबा, यात तरबेज. ते ताटावर हात धरतात तेव्हा बोटं अशी फाकवतात की मधून पळीभर रस्सा आरामात खाली जावा. खरोखर पोट भरलं तर मात्र ते ताटातच हात धुतात. मग ब्रह्मदेवाने आग्रह केला तरी उपयोग नाही.

हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणाला समजावून सांगायची गोष्ट आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. तिथेच माती खाल्ली.

मला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो पुण्याचा. आग्रहावरून पुण्याबद्दल जे विनोद करतात ते मी इथे करणार नाही, कारण मला अजून त्याच घरात नांदायचंय. त्याने बारामतीत भिगवण रस्त्याला वाईन बार काढला होता. स्वयंपाक स्वतः करायचा, वाढायचाही स्वतः. आबांच्या लेखी ते चांगल्या खुर्च्या मांडलेलं दारूचं दुकान होतं. आबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तरी त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. "एकदा जेवून येतो. मग सांगतो," म्हणाले. आमचं लग्न त्या एका जेवणावर येऊन ठेपलं.

मी त्याला शंभर सूचना दिल्या. पाया पड, अंकल म्हणू नकोस, उसाच्या भावावर मत देऊ नकोस. नको कसं ऐकायचं, एवढंच सांगायचं राहिलं.

आबा आईला आणि मला घेऊन उजेड असतानाच निघाले. अंधारात अशा ठिकाणी गेलं तर लोक वेगळं समजतात, म्हणाले. मग उजेडात कुणी बघू नये म्हणून गाडी लांब टायरच्या दुकानापुढे लावली आणि उपरण्याने तोंड झाकून आत शिरले. आत त्यांच्याच विकास सोसायटीतले गावचे दोन सभासद बसले होते, तेही टोप्या डोळ्यांवर ओढून. तिघांनी एकमेकांना ओळखलं नाही.

आम्ही बसताच त्याने वाईन बारच्या रीतीप्रमाणे बाटली उघडली आणि चव पसंत आहे का बघायला घोटभर वाईन आबांच्या ग्लासात ओतली. आबा ग्लासाच्या तळाकडे बघत राहिले.

"येवढीशी?" ते आईच्या कानात म्हणाले, पण ते आख्ख्या हॉटेलला ऐकू गेलं.

"अवं, तुमी कुठं पिताय?" आई म्हणाली.

"मी पीत न्हाय. पण वाढायची काय रीत हाय का न्हाय?"

आईने तो ग्लास आपल्याकडे ओढून घोट घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाली, "आंबलेलं जांभूळ," आणि पुन्हा एक घेतला.

मग तो कबाब घेऊन आला. "आबा, वाढू?"

"नको," म्हणत आबांनी हात आडवा धरला. बोटं छान फाकवलेली.

"बरं," म्हणून तो ताटली घेऊन निघून गेला.

आबांचा हात तसाच राहिला. पुढं पळसदेवहून आलेला मासा आला, उजनी धरणातला, दाट मसाल्यात शिजवलेला. त्याचा वास आला तशी आबांची बोटं आणखी फाकली.

"मासा घेणार?"

"नको, नको."

"काही हरकत नाही," तो अतिशय नम्रपणे म्हणाला आणि मासाही गेला. जाता जाता आईने मात्र, "मला वाढा की दोन," म्हणून तुकडे घेतले. ती एका कबाबात शहाणी झाली होती. मशरूम आले, गेले. वांग्याचं काहीतरी आलं, गेलं. आबांची ताटली कोरीच्या कोरी. शेवटी ते खुर्ची सरकवत मला म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. पण वाढत न्हाय. अशा घरात तू उपाशी मरशील. नको."

मला दोघांचाही इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी तडक स्वयंपाकघरात गेले.

"ते भुकेले आहेत!"

"अगं, मग नको का म्हणाले?"

"भूक आहे म्हणूनच!"

त्याने हातातला झारा खाली ठेवला. "आणि खरंच नको असलं तर?"

"ताटात हात धुतात. तोवर हटायचं नाही."

त्याने माशाचं अख्खं पातेलं उचललं. आबांपुढे उभा राहून शाळेत कविता म्हणावी तसा म्हणाला, "एक तरी घ्याच. नाहीतर मला राग येईल." आबा नको म्हणाले. त्याने तुकडा सरळ त्यांच्या हातावरच ठेवला. मसाला मनगटावरून बाहीत गेला. आबांचा चेहरा खुलला. "अरं अरं, बास की," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पाच तुकडे खाल्ले, प्रत्येक तुकडा नको म्हणून.

पातेलं रिकामं झालं तरी तो हटेना. त्याच्या कपाळावर घाम होता.

"आबा, आता हिला मला द्या."

"नको," आबा म्हणाले.

"असं कसं? द्याच."

"नको म्हणलं ना."

मला त्यांचा हात बघायचा होता, पण तो टेबलाखाली होता. मग तो वर आला आणि पाण्याच्या ग्लासाकडे गेला. आबांनी ग्लास उचलून ताटलीवर धरला. आईने चावणं थांबवलं.

"हात धुतलेत तरी हटणार नाही मी," तो म्हणाला. हे मी शिकवलेलं नव्हतं.

आबांनी ग्लास तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

"बरं," ते म्हणाले. "तुमी येवढं म्हणताय तर देतो. पण अर्धीच. अर्धी काटेवाडीला ऱ्हाईल."

मग त्यांनी दुसरं पाणी मागितलं आणि त्याच्या त्या महागड्या पांढऱ्या ताटलीत हात धुतले.