मकानाचं सांगा, माणसाचं नको

आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत घरभाड्याची जाहिरात घेऊन कोणी आलं की बाई चष्मा नाकावर ओढायच्या आणि कागदावरचा मजकूर खणखणीत आवाजात त्यालाच वाचून दाखवायच्या. बुऱ्हाणपूरच्या भर बाजारातली ती कचेरी, दार सताड उघडं. ‘फक्त आमच्या समाजासाठी’ हे शब्द आले की आवाज आणखी चढायचा. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. कागद आणणारा खाली बघायचा.

बाई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. जाहिरातींचं टेबल त्यांच्याकडे होतं आणि शेजारच्या संगणकावर मी टाइप करायची. त्यांचं एकच म्हणणं असे, “मकानाचं सांगा, माणसाचं नको.” मग त्या विचारायच्या, पाणी रोज येतं का? ऊन कुठून येतं? जिना अंगणातून की बाहेरून? दापोऱ्याचे एक केळीवाले शेतकरी, शहरात नवं घर बांधलेले, ‘शुद्ध शाकाहारी, उच्च कुटुंब’ एवढंच लिहून आले होते. बाईंनी विचारलं, “दादा, खोल्या किती ते लिहायचं राहिलं की!” ते चिडून म्हणाले, “मकान मेरा है, बाई.” “हाव, मकान तुमचंच. पण हा पेपर वाचणाऱ्यांचा आहे.” लाल पेनाने ते शब्द खोडले गेले.

मला हे सगळं फुकाचं वाटायचं. शब्द खोडून मनातलं थोडंच जातं? एका दुपारी सरकारी दवाखान्यातल्या तडवी सिस्टर आल्या. हातात आमचाच अंक. त्यातल्या जाहिरातीची एक खोली बघून पसंत केली होती. घरमालकाने आडनाव विचारलं आणि ‘तडवी’ ऐकताच सांगितलं, “सिस्टर, ती तर कालच उठली, भाडेकरू आला.” हे चौथं घर होतं. बाईंनी फोन उचलला.

“खोली आहे का हो रिकामी?”

“आहे ना बाई, केव्हाही या बघायला.”

“येते. सोबत सिस्टरही येतील. आत्ता तुमच्याच दारातून आल्यात.”

पलीकडून फोन ठेवला गेला. बाईंनी रिसीव्हर आपटला. मी म्हणाले, “बघा, आपण ते शब्द छापले नव्हते, तरी झालंच ना?” त्या माझ्यावर कडाडल्या, “झालं! पण त्याला स्वतःच्या तोंडाने खोटं बोलावं लागलं. आपण कशाला त्याचं तोंड व्हायचं?”

मग इच्छापूर रस्त्यावरच्या नव्या कॉलनीची पानभर जाहिरात आली. ‘आपल्याच संस्कारांच्या कुटुंबांसाठी सुरक्षित वसाहत.’ बिल्डर आमच्या साप्ताहिकाच्या मालकांचा मित्र, समोरच बसलेला. बाईंनी विचारलं, “आपल्याच म्हणजे कोणाच्या? नाव घ्या.”

तो हसला. “समझनेवाले समझते हैं, मॅडम.”

“मी नाही समजत. आणि सुरक्षित कोणापासून? त्या सिस्टरांपासून? तुमचा बाप आजारी पडला तर सुई कोण टोचणार आहे?”

मालक उठले. “बाई, उद्यापासून तुम्ही घरी आराम करा.” बाईंनी डबा पिशवीत टाकला आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. कोणी अडवलं नाही. मालकांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी टाइप केला. एक अक्षर न गाळता. बिल्डरवर, मालकांवर आलेला राग आता ओसरला आहे. त्या दुपारच्या माझ्यावरचा अजून ओसरलेला नाही.

चार दिवसांनी राजघाटाजवळच्या त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, “माझ्याकडे कशाला? मला घर आहे. सिस्टरला जाऊन सांग.”

मी गेले. सिस्टर तोवर नेपानगरला राहायला गेल्या होत्या आणि तिथून रोज ये-जा करत होत्या. वॉर्डात उभं राहून मी काय केलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सलाइनची नळी नीट करत विचारलं, “ठीक आहे. तुमच्याकडे खोली आहे का एखादी?”

होती. आमची वरची खोली वर्षभर रिकामी होती. मी म्हणाले, “आईला विचारून सांगते.”

“सगळे घरी विचारूनच सांगतात,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी आईला विचारलं नाही. आज विचारू, सणानंतर विचारू. असे तीन महिने गेले आणि एका सकाळी बाई हृदयविकाराने गेल्या. अंत्ययात्रेत त्यांचे विद्यार्थी होते, भाजीवाल्या होत्या, तडवी सिस्टरही होत्या. आमचे मालक हार घेऊन आले होते. तो हार बघून माझं डोकं भणभणलं.

घरी आले. आईने आंघोळीला पाणी काढलं होतं. मी तशीच तिच्यापुढे उभी राहिले.

“वरच्या खोलीत तडवी सिस्टरांना राहायला बोलावतेय.”

“अगं, मला विचारायचंस तरी. गल्लीतले लोक काय...”

“विचारत नाहीये, आई. सांगतेय.”

ती आणखी काहीतरी बोलत होती. मी जिना चढून वरच्या खोलीची कडी काढली.